बिलात नसलेली दोरी

साइटवर कोणी वरून पडून वाचला की आमच्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं, "आयुष्याची दोरी बळकट होती." आणि मेला की दुसरं, "बेल्ट लावला नव्हता ना त्याने." चौदा वर्षं झाली मला या लाइनमध्ये, पहिली तीन साइटवर उन्हात आणि पुढची सगळी बिलिंगला, म्हणजे ठेकेदारांची मापं तपासायची, बिलं कापायची, भांडणं ऐकायची, आणि या चौदा वर्षांत ही दोन सोडून तिसरं वाक्य मी फार कमी ऐकलंय. पहिल्यात सगळं देवावर, दुसऱ्यात सगळं पडलेल्यावर. ज्याने त्या माणसाला त्या कडेवर उभं केलं, ज्याने कामाचा रेट ठरवला, स्लॅबची तारीख ठरवली, तो दोन्ही वाक्यांत कुठेच नाही.

माझ्या पहिल्याच वर्षातली गोष्ट सांगतो. पुण्याजवळची साइट, बारा मजल्यांची बिल्डिंग, आणि पाचव्या मजल्यावर डक्टचं, म्हणजे पाइप वर-खाली न्यायला सोडलेलं भोक, अडीच बाय तीन फुटांचं असेल. त्यावर प्लायचा तुकडा टाकलेला. नुसता टाकलेला, खिळा नाही, रंग नाही, वर काही लिहिलेलं नाही. सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब-बीमचा साचा बांधणाऱ्या एका पोराला बीमच्या साइडला लावायला नेमका तेवढाच प्लाय हवा होता, त्याला हा दिसला, त्याने दोन्ही हातांनी तो उभा उचलून छातीसमोर धरला आणि एक पाऊल पुढे टाकलं. प्लाय असा समोर धरला की पायाखालचं काही दिसत नाही, आणि भोक तर बरोबर त्या प्लायच्याच खाली होतं ना. पोरगा नांदेडकडचा, वीस-एकवीसचा. खाली तिसऱ्या मजल्याला कोणीतरी डक्टमध्ये सामान ठेवायला फळ्या टाकल्या होत्या त्यावर तो आदळला म्हणून जिवंत राहिला. कमरेचं हाड आणि डावा पाय. परत कामावर तो काही आला नाही. दुपारी चहाच्या टपरीवर सगळे म्हणत होते, दोरी बळकट होती.

संध्याकाळी मोठ्या साहेबांनी मला अपघाताचा रिपोर्ट लिहायला बसवलं. मी लिहिलं, "कामगाराने परवानगी न घेता झाकण म्हणून ठेवलेला प्लाय हलवल्यामुळे." साहेब म्हणाले व्यवस्थित लिहिलंस. तो कागद अजून कुठल्यातरी फाइलमध्ये असेल आणि तो माझ्या अक्षरात आहे. दोन इंची चार खिळे आणि वर "नीचे होल है" लिहायला थोडा लाल रंग, एवढाच खर्च होता सगळा. आणि हो, त्या पोराने बेल्ट घातलेला नव्हता. मजल्याच्या मधोमध सामान शोधत फिरताना कोण बेल्ट लावतं?

बेल्टबद्दल जरा सविस्तरच बोलूया कारण घोडं तिथेच पेंड खातं. बेल्ट घातला का हा प्रश्न सगळे विचारतात, हूक कशाला अडकवायचा हा कोणी विचारत नाही. स्लॅबच्या कडेला सगळ्यात बाहेरच्या बीमची प्लेट खोलणारा माणूस डोळ्यासमोर आणा. त्याच्या डोक्यावर अजून काही नाही, बाजूला कॉलमच्या उघड्या सळया, आणि पायाखाली परांची, म्हणजे बांबू आणि त्याला काथ्याने मारलेल्या गाठी. तो हूक अडकवतो त्या बांबूलाच. म्हणजे ज्या परांचीवर उभा तिच्यावरच भरवसा, परांची गेली की दोघं बरोबरच जाणार. शॉक अब्सॉर्बरवाला (म्हणजे उघडून झटका खाणारी पट्टी असलेला) चांगला फुल बॉडी हार्नेस, अंगभर पट्ट्यांचा, असला तरी पडताना जो झटका बसतो तो ६ किलोन्यूटनपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे अंदाजे ६०० किलो, आणि अब्सॉर्बर नसला तर त्याहून कितीतरी जास्त. काथ्याची गाठ हे घेणार आहे का? आणि नुसता कमरेचा पट्टा असेल, जो अजूनही कित्येक साइटवर दिसतो, तर झटका थेट मणक्याला आणि पोटाला.

दुसरी एक गोष्ट तर शिकलेल्या इंजिनिअरांनाही माहीत नसते, मलाही फार उशिरा कळली. पायाशी हूक अडकवला असेल तर दोरी साधारण १.८ मीटर, त्यावर अब्सॉर्बर उघडतो तो दीड-पावणेदोन मीटर, त्याच्याखाली माणसाची स्वतःची उंची, आणि शिवाय थोडी जागा हाताशी ठेवायची, असं सगळं धरलं की पडणाऱ्याला खाली ६ मीटर मोकळे लागतात. जवळजवळ दोन मजले. म्हणजे पहिल्या स्लॅबवर काम करणाऱ्याने पायाशी हूक लावून बेल्ट घातला काय आणि नाही काय, जमीन आधी येणार. बेल्ट लावून लटकला तरी त्याला पटकन खाली काढावं लागतं, नुसतं लटकून राहिलं की पायात रक्त साचून माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो, आणि लटकलेल्याला कसं उतरवायचं याचा विचार केलेली साइट मी चौदा वर्षांत दोनच पाहिल्यात.

यात बेल्ट वाईट असं कुठे म्हणतोय मी. बेल्ट शेवटचा. त्याच्या आधी बरंच काही करायचं असतं आणि ते सगळं मालकाच्या हातात असतं, कामगाराच्या नाही. कडेला एक मीटर उंचीचं रेलिंग, मधे एक आडवी, पायाशी फळी. भोकांवर खिळे मारलेलं झाकण. परांची नीट, कप-लॉकची, म्हणजे लोखंडी पाइपची, पाय ठेवायला सलग फळ्या, चढायला शिडी. खाली जाळी. रेलिंगची गंमत अशी आहे की ते सगळ्यांना वाचवतं, ज्याला रात्री झोप झाली नाही त्याला, ज्याला ताप आहे त्याला, जो आज सकाळीच नाक्यावरून आला आणि ज्याला डक्ट कुठे आहे हेच माहीत नाही त्याला, आणि हो, ज्याने दुपारी थोडी घेतली त्यालाही. बेल्ट फक्त त्यालाच वाचवतो जो दिवसात दोनशे वेळा हूक काढतो लावतो आणि त्यातल्या एकदाही विसरत नाही.

जाळीवरून आठवलं, इमारतींना बाहेरून जी हिरवी जाळी गुंडाळलेली दिसते ना, ती बघून बऱ्याच लोकांना वाटतं की माणूस पडला तर त्यात अडकेल. ती धुळीसाठी आणि बारीकसारीक खडी-मसाला खाली येऊ नये म्हणून असते. माणूस तिच्यातून कागदातून जावा तसा जातो. माणूस झेलणारी जाळी वेगळी, जाड दोरीची, बिल्डिंगपासून बाहेर काढून मजल्यामजल्यावर लावतात, तिला पैसे पडतात.

आकडे लक्षात ठेवा, एक मजला म्हणजे ३ मीटर. तेवढं पडायला पाऊण सेकंद लागतो, खाली पोचताना वेग ताशी २७-२८ किलोमीटर. तीन मजल्यांवरून तोच ४८ च्या घरात. पाऊण सेकंदात कोणी सावध होत नाही हो, "लक्ष देऊन काम कर रे" हे वाक्य म्हणायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

आता माझ्या टेबलावर येतो कारण मला खरं बोलायचंय ते बिलाबद्दल. आमच्या धंद्यात एक नियम आहे, लिहिलेला नाही पण सगळ्यांना पाठ, जे बिलात नाही ते साइटवर नाही. टेंडरची बीओक्यू बघा, म्हणजे कामातल्या प्रत्येक बाबीची, मापाची आणि रेटची यादी. टाइल कुठल्या साइजची, जॉइंट किती मिलिमीटर, दाराच्या बिजागऱ्या किती, स्क्रू कुठल्या मेटलचा, प्रत्येकाला ओळ आहे, प्रत्येकाला रेट आहे, आणि मी जाऊन प्रत्येक मोजतो. सुरक्षेला ओळ नाही. सुरक्षा असते मागे अटी-शर्तींमध्ये, एका वाक्यात, "ठेकेदाराने सर्व सुरक्षा उपाय स्वखर्चाने करावेत, दर त्यासह समजावेत." या "समजावेत"मध्ये माणसं मरतात.

कारण काय होतं बघा. तीन ठेकेदार रेट भरतात. एकाने प्रामाणिकपणे रेलिंग, जाळी, कप-लॉक, सेफ्टी ऑफिसर सगळं धरलं, त्याचा रेट वर गेला, तो बाहेर. ज्याने काहीच धरलं नाही तो एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाला, त्याला काम. म्हणजे टेंडरनेच आधी चाळणी लावली आणि चांगला माणूस चाळून बाजूला टाकला. मग तो एल-वन लेबर रेटवर पुढे कामं देतो, प्लास्टरवाल्याला चौरस फुटावर, परांचीसकट. परांचीसकट म्हणजे परांची त्याच्या खिशातून. न लावलेली प्रत्येक फळी त्याची कमाई. मग तो तीन फळ्यांच्या जागी एक टाकतो आणि त्या एका फळीवर घमेलं, थापी आणि माणूस, आणि पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ. त्याला दुष्ट म्हणून उपयोग नाही, त्या रेटमध्ये दुसरा कोणीही बसवला तर तोही हेच करेल.

आणि वर दंड. मोठ्या साइटवर हल्ली सेफ्टीवाले फिरतात, हेल्मेट नाही ५०० रुपये, बेल्ट नाही ५०० रुपये, फोटो काढून व्हॉट्सअपवर. तो दंड ठेकेदाराच्या बिलातून कापला जातो, ठेकेदार मुकादमाच्या हिशोबातून कापतो, मुकादम कामगाराच्या उचलीतून. अशा डेबिट नोटा मी स्वतः बनवल्यात, किती ते विचारू नका. म्हणजे सुरक्षेसाठी वरून खाली पैसा कधी जात नाही, दंड मात्र न चुकता जातो, आणि पुरता खाली पोचतो. ज्या दिवशी रेलिंग नाही म्हणून डेव्हलपरला डेबिट नोट जाईल त्या दिवशी मी पेढे वाटेन.

कायदा नाही असं नाही. इमारत बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा केंद्राचा कायदा होता, त्यात कलम ४४ मध्ये स्वच्छ लिहिलं होतं की कामावर सतत आणि पुरेशी देखरेख ठेवणं आणि अपघात टाळायला शक्य ते सगळं करणं ही मालकाची जबाबदारी. कामगाराची नाही, मालकाची. मग शिक्षा? सुरक्षेचे नियम मोडले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि चालूच ठेवलं तर रोजचे १०० रुपये. रोजचे शंभर! साइटवर चहाचं बिल त्याहून जास्त होतं. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, त्यातल्या सुरक्षेच्या संहितेत मालकाने नियम मोडल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी ५ लाख दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातली निम्मी किंवा जास्त रक्कम कुटुंबाला द्यायला कोर्ट सांगू शकतं. बरं झालं. सेफ्टी ऑफिसर आधी ५०० कामगारांच्या साइटला लागायचा तो आता २५० वर लागतो. तेही बरं. पण आपल्या गावात-शहरात सगळ्यात जास्त बांधकाम कुठे चालतं, चार मजली, सात मजली, वीस-पंचवीस माणसं, तिथे यातलं कोण जाणार आहे, आणि निरीक्षक किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे.

भरपाईचा कायदा तर १९२३ चा होता, इंग्रजांच्या वेळचा, तो आता नवीन संहितेत गेलाय, आणि त्यात तेव्हापासून लिहिलं होतं की कामगार ठेकेदाराचा असला तरी ज्याने काम दिलं तो मुख्य मालक भरपाईला जबाबदार, त्याने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं. शंभर वर्षं झाली. हिशोबही सोपा आहे, मृत्यू झाला तर पगाराच्या निम्मे गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पगार १५,००० धरला (जुन्या कायद्यात २०२० पासून जास्तीत जास्त तेवढाच धरायचे) आणि वय ३० तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. हा आकडा साइटवर किती लोकांना माहीत असेल? मी ज्या मिटवामिटवी जवळून ऐकल्यात त्यातली रक्कम याच्या पासंगालाही पुरत नव्हती, वर गावापर्यंत अॅम्ब्युलन्स आणि मुकादमाने खांद्यावर ठेवलेला हात. विधवेला सांगतात केस लढलीस तर दहा वर्षं जातील बाई, आणि ते खोटं नसतं, म्हणूनच ती सही करते.

२९ जुलै २०१६ ला पुण्यात बालेवाडीत वरच्या मजल्यावर स्लॅबचं काम चालू असताना तो कोसळला आणि ९ कामगार गेले. मी तेव्हा पुण्यातच होतो, त्या आठवड्यात सगळ्या साइटवर अचानक नवीन बेल्ट आले, पिवळे धमक. दोन महिन्यांनी ते स्टोअरमध्ये खुंटीवर. मग १० सप्टेंबर २०२३, ठाण्यात बाळकुमला, रविवारची संध्याकाळ, ४० मजली इमारतीच्या छताचं वॉटरप्रूफिंग करून माणसं सामानाच्या लिफ्टने खाली येत होती, लिफ्ट कोसळली, ७ गेले. काम संपलेलं होतं हो, घरी चालले होते. या दोन्ही ठिकाणी एखाद्याच्या बेल्टचा प्रश्नच नव्हता. स्लॅबखालचा आधार काय, लिफ्टची तपासणी कोणी केली, हे प्रश्न होते, आणि हे घमेलं उचलणाऱ्याला विचारायचे प्रश्न नाहीत.

आता समोरच्यांचं पण ऐकायला हवं, मी त्यांच्यातच बसतो. ठेकेदार म्हणतात, साहेब, बेल्ट देतो पण हे लोक घालत नाहीत. खरं आहे, नाही घालत. मी स्वतः ओरडलोय. मे महिन्यात अंगावर पट्ट्यांचं ओझं, दोरी सळईत अडकते, दर चार फुटांवर हूक काढा लावा, आणि रेट चौरस फुटावर. दिवसभर हूक काढत-लावत बसला तर त्याची हजेरी निघत नाही. तासाच्या पगारावर असलेला माणूस बेल्ट घालतो आणि फुटावर असलेला काढतो, हे मी एकाच साइटवर एकाच गावच्या दोन भावांमध्ये पाहिलंय. स्वभाव तोच, रक्त तेच, फक्त पैसे मिळायची पद्धत वेगळी. मग स्वभावाला का बोल लावायचा? थोडी मर्दानगीपण असते, नाही कशाला म्हणू, जुने मिस्त्री नव्या पोराला हसतात, "काय रे, गाय बांधल्यासारखा बांधून घेतलास." पण ही मर्दानगी ज्या साइटवर रेलिंग आहे तिथे कोणाला मारत नाही.

दुसरं म्हणणं, परवडत नाही. या युक्तिवादाला मी बिलिंगवाला म्हणून उत्तर देतो. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर आला, कामगार कल्याणासाठी, आणि आता तो नवीन संहितेत आहे. पन्नास कोटींच्या कामाला पन्नास लाख. तो भरताना कोणी दिवाळखोर झालेला मी पाहिला नाही, कारण तो सगळ्यांनाच भरावा लागतो, कोणी त्यात रेट पाडू शकत नाही. सुरक्षेचंही तसंच करा ना, सगळ्यांना सारखाच खर्च लावला की "परवडत नाही" आपोआप गप्प बसेल. परवडत नाही याचा खरा अर्थ, शेजारचा करत नाही आणि मी केलं तर मी हरतो, एवढाच आहे.

त्या उपकराचं काय होतं तेही बघा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना झापलं होतं की हजारो कोटी जमा झालेत आणि कामगारापर्यंत पोचत नाहीत. आपल्याकडे आता बांधकाम कामगार कल्याण मंडळाची पेटी मिळते, सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेली ती पत्र्याची पेटी, त्यात हेल्मेट, बूट, बेल्ट, जेवणाचा डबा, बाटली, मच्छरदाणी. गावाकडे ती पेटी कोणाकोणाच्या घरात धान्य ठेवायला आहे आणि त्यातल्या किती जणांनी कधी वीट उचलली हा वेगळा लेख होईल. माझा मुद्दा दुसरा आहे. सरकार कामगाराच्या हातात बेल्ट देतं, आणि त्याच क्षणी मालक म्हणायला मोकळा होतो, बेल्ट तर तुझ्याकडे आहे की! हूक अडकवायला लोखंडी कडी, कडेला रेलिंग, हे पेटीत मावत नाही. हे बिल्डिंगमध्ये असावं लागतं, आणि बिल्डिंग मालकाची आहे. मंडळाकडे नोंद असलेला कामगार कामावर मेला तर घरच्यांना ५ लाख मिळतात, ते मिळायलाच हवेत, पण नोंदीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो दाखला द्यायला बरेच ठेकेदार कां-कूं करतात, कारण दाखला दिला म्हणजे हा माझा माणूस हे कबूल केलं.

न्यूयॉर्क राज्यात १८८५ पासून एक कायदा आहे, परांचीचाच म्हणतात त्याला, की उंचीवर काम करणाऱ्याला योग्य साधनं दिली नाहीत आणि तो पडला तर इमारतीचा मालक आणि ठेकेदार पूर्ण जबाबदार, कामगाराचीही थोडी चूक होती हा बचाव चालत नाही. तिथले बिल्डर शंभर वर्षं त्याच्या नावाने बोटं मोडतायत, इन्शुरन्स महाग पडतो म्हणून. महाग पडतो हाच तर त्यातला मुद्दा आहे. चूक महाग झाली की रेलिंग स्वस्त वाटायला लागतं.

मला विचाराल तर फार मोठं काही नकोय. बीओक्यूमध्ये सुरक्षेला स्वतंत्र ओळी द्या, रेलिंग रनिंग मीटरमध्ये, जाळी चौरस मीटरमध्ये, हूक अडकवायच्या कड्या नगावर, झाकणं नगावर, आणि त्याचा रेट आधीच ठरवून टाका, त्यावर बोली लावायची नाही. लावलं तेवढं मोजून पैसे, नाही लावलं तर नाही. मग बघा मजा, तोच ठेकेदार, जो आज फळी वाचवतो, तो मला फोन करून म्हणेल साहेब सातव्या मजल्याचं रेलिंग मोजायला कधी येताय. मी ओळखतो त्यांना, बिलात आलं की ते विसरत नाहीत. सरकारी कामांत तरी हे उद्यापासून करता येईल, सार्वजनिक बांधकाम खात्याला आणि महापालिकांना कोणी अडवलंय? खाजगीत डेव्हलपर करणार नाही, तिथे भोगवटा प्रमाणपत्र देताना या साइटवर किती माणसं पडली आणि भरपाई कायद्याने दिली का हे विचारा. फ्लॅट घेणाऱ्यांनीपण विचारायला हरकत नाही, किचनचा ओटा कुठल्या ग्रॅनाइटचा हे विचारता तसंच.

आणि गुन्हा. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यूला आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आधी दोन होती. चांगलंय, पण अटक कोणाला होते ते पेपरात वाचा, लेबर ठेकेदार, सुपरवायझर, कधीकधी माझ्यासारखा एखादा ज्युनियर इंजिनिअर ज्याच्या हातात ना पैसे ना अधिकार. तारीख ठरवणारा तेव्हा सॅम्पल फ्लॅट दाखवत असतो.

आधी मला वाटायचं की मालक म्हणजे कोणीतरी मोठा. मग गेल्या वर्षी आमच्या सोसायटीचं बाहेरून रंगकाम निघालं. सात मजले. तीन कोटेशन आली, कमिटीत मीपण होतो, सगळ्यात कमीवाल्याला काम द्यायचं ठरलं, मीपण हात वर केला. पहिल्या दिवशी सकाळी गॅलरीत चहा पीत होतो तर समोरून पोरगा खाली उतरला, फळीच्या झूल्यावर, दोन बाजूंना दोर, कमरेला एक पट्टा आणि पट्ट्याचा हूक त्याच झूल्याच्या दोरीला. मी विचारलं, वरती कशाला बांधलंय रे? तो म्हणाला, "टंकी के पाइप को, साब." मी गच्चीवर गेलो. टाकीच्या पाइपला तिढा मारून दोर बांधलेला, पाइप पीव्हीसीचा, दीड इंची. मी त्याला हात लावला तर तो हलत होता.

काम थांबवलं. कॉलमला बांधायला वायर रोप, कठड्यावर दोर घासू नये म्हणून पॅड, प्रत्येक माणसाला झूल्यापासून वेगळी दुसरी दोरी आणि तिच्यावर सरकणारा आणि झटका बसला की दोरी पकडणारा ग्रॅब, फुल बॉडी हार्नेस, पाच माणसांचा विमा. ठेकेदाराने वाढीव मागितले ३८,०००, अठ्ठावीस फ्लॅटला भाग गेला तर साडेतेराशेच्या आसपास. तातडीची मिटिंग घेतली, दोन तास चालली. एक काका म्हणाले, "तो रोज असाच उतरतो, त्याला सवय आहे." एक जण म्हणाले, "ठेकेदाराची जबाबदारी ना, करारात लिहिलंय की." करार मीच टाइप केला होता. त्यात शेवटच्या पानावर होतं, सर्व सुरक्षा उपाय ठेकेदाराने स्वखर्चाने करावेत, दर त्यासह समजावेत.

ते ३८,००० मंजूर झाले, एकवीस विरुद्ध पाच. रंग दीड महिन्यात झाला, कोणी पडलं नाही. पार्किंगमध्ये ते काका भेटले की अजून विचारतात, काय हो, तुमच्या त्या दोऱ्यांचे पैसे फुकटच गेले ना.